ही कुणाची लेक?

खानापूर तालुक्यातील आमच्या घरी दर पाच-सहा वर्षांनी एक हेळवी येत असे. बेळगाव, विजापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातील खेड्यांना हेळवी कोण हे सांगावे लागत नाही. पण दूरच्या वाचकांसाठी एवढे सांगतो की, गावोगावच्या घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणे आणि त्या दारी येऊन वाचून दाखवणे हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, ते हे लोक. जुन्या काळी ते बैलावर बसून येत. आमच्याकडे येणारा म्हातारा मात्र एसटीने येई, सोप्यात अंथरलेल्या घोंगड्यावर बसे, बासनातून लांबट चोपडी काढी आणि एका ठराविक चालीवर आमच्या मूळ पुरुषापासून नावे म्हणू लागे. लिपी कानडी आणि नावे मराठी. शेवटी नव्या जन्मलेल्या मुलांची नावे चोपडीत चढत आणि म्हाताऱ्याच्या पदरात भात, धोतर व थोडे पैसे पडत.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने आमच्या अकरा पिढ्या म्हणून दाखवल्या, तेव्हा माजघराच्या दारात उभ्या असलेल्या आजीने त्याला विचारले, "ह्यात बायका कुठं हायत?" म्हातारा अंगठ्याला थुंकी लावून पान उलटत म्हणाला, "लेकी दुसऱ्याच्या पुस्तकात जातात, अव्वा." आजीने लगेच विचारले, "आणि त्यांच्या पुस्तकात तरी आमी असतो काय?" म्हातारा हसला आणि त्याने पुढचे पान वाचायला घेतले.

आजीला आम्ही सगळे अव्वाच म्हणत असू. तिचे माहेर सौंदत्तीकडचे. घरची भाषा कानडी. आज्जा मराठी. चातुर्मासात संध्याकाळी आज्जा श्रीधरांच्या पोथ्या वाचायचा. एका वर्षी 'हरिविजय', एका वर्षी 'पांडवप्रताप', कधी 'रामविजय'. अव्वा कंदिलाच्या उजेडात पावटे सोलत ऐकत बसायची. ओवीत एखादी नवी स्त्री आली की तिचा हात थांबे आणि प्रश्न येई: "ईकी यार मगळ?" ही कुणाची लेक? आज्जाला राजांची नावे तोंडपाठ होती, पण त्यांच्या बायकांची माहेरे विचारली की तो चष्मा कपाळावर चढवून पाने मागे-पुढे करू लागे आणि चिडे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु तिच्या माहेरी मठात कुमारव्यासाचे कानडी भारत गाऊन वाचले जाई आणि ते तिने लहानपणी भरपूर ऐकले होते. त्यामुळे पुष्कळदा उत्तर तिला आधीच माहीत असे आणि ती केवळ आज्जाची परीक्षा घेत असे, असा मला आता संशय आहे.

शाळेत मराठी शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी हिशेबाची वही घेतली आणि दोन्ही महाकाव्यांतील राजघराण्यांच्या वंशावळी तिच्यात उतरवू लागलो. डाव्या पानावर सूर्यवंश, उजव्या पानावर सोमवंश, मध्ये शिवण. रामायण डावीकडचे आणि महाभारत उजवीकडचे, अशी माझी सुटसुटीत समजूत होती, आणि ती पहिल्याच ओळीला अडली, कारण दोन्ही पानांच्या माथ्यावर वैवस्वत मनूचेच नाव लिहावे लागले. मनूचा मुलगा इक्ष्वाकू, त्याच्यापासून अयोध्येचे घराणे. मनूची मुलगी इला. तिला चंद्राचा मुलगा बुध याच्यापासून पुरूरवा झाला आणि त्याच्यापासून आयू, नहुष, ययाती, पुरू, यदू हा सगळा पसारा. म्हणजे सोमवंश ही मनूच्या लेकीची शाखा. अव्वाचा प्रश्न पहिल्या राणीलाच विचारला असता, तर दोन वंशांमधील भिंत उभी राहण्याच्या आतच पडली असती.

भागवतात इलेची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. मनूला मुलगा हवा होता, त्याची पत्नी श्रद्धा हिने यज्ञातील होत्याला, म्हणजे पुरोहिताला सांगून मुलगी मागितली, आणि मुलगी झालेली पाहून खट्टू झालेल्या मनूसाठी वसिष्ठांनी तिचा मुलगा केला. तोच सुद्युम्न पुढे शिकारीला गेला असता शंकराच्या वनात शिरून पुन्हा स्त्री झाला आणि बुधाला भेटला. एका मुलीचे नाव यादीत बसवण्यासाठी इतकी ओढाताण करावी लागली, याचे मला हसू आले. वसिष्ठांचे नाव येथे मी पेन्सिलीने टिपून ठेवले. पुढे त्याचा इतका उपयोग होईल असे तेव्हा वाटले नव्हते.

दुसरी अडचण याद्यांची. बालकांडात रामाच्या लग्नापूर्वी मिथिलेत जी बैठक भरते, ती आमच्याकडच्या सोयरिकीच्या बैठकीहून फार वेगळी नाही. मुलाकडच्यांच्या वतीने कुलगुरू वसिष्ठ उठतात आणि इक्ष्वाकूंचे कूळ सांगतात. मग जनक म्हणतो की, कन्या देताना आपले कूळ कुलीनाने संपूर्ण सांगावे लागते, आणि निमीपासून आपल्या धाकट्या भावापर्यंतची नावे तो स्वतःच सांगतो. मुलीचा बाप स्वतः बोलतो आणि मुलाच्या बापाच्या वतीने गुरुजी बोलतात, हेही अगदी आपल्यासारखेच. गंमत अशी की, पुराणांच्या मते हा निमी इक्ष्वाकूचाच मुलगा. रामायणातला जनक ते नाते उच्चारत नाही. कदाचित इतक्या पिढ्यांनंतर ते मोजण्यात अर्थ नव्हता, कदाचित एकाच मुळाची दोन घरे सोयरिकीला बसली आहेत हे बैठकीत कोणी मुद्दाम काढत नाही.

वसिष्ठांच्या या यादीत मनू आणि राम धरून ३६ नावे आहेत. पुराणांतील यादी साठाच्या पुढे जाते. वाल्मीकींच्या यादीत त्रिशंकू आहे, पण ज्याच्या सत्यावर आपली कीर्तने उभी आहेत तो हरिश्चंद्र नाही. रघूचा मुलगा अज आणि अजाचा दशरथ, हे आपल्या डोक्यात कालिदासामुळे बसले आहे. वाल्मीकींच्या यादीत रघू आणि अज यांच्यामध्ये अकरा नावे आहेत. त्यांतील दोन नावे पाहून तर मी चष्मा पुसला: नहुष आणि त्याचा मुलगा ययाती. उजव्या पानावरचे बाप-लेक डाव्या पानावर, रामाच्या जवळच्या पूर्वजांत येऊन बसलेले! आणि कालिदासाने ज्याच्यापाशी आपले काव्य संपवले तो रामाचा विलासी वंशज अग्निवर्ण, तो वाल्मीकींकडे रामाचा पूर्वज आहे. अभ्यासकांना यातून यादी कोणती जुनी आणि कोणती विस्कटलेली हे ठरवता येते. मला मात्र तो हेळवी आठवला. एकदा त्याने आमच्या पणजोबांना त्यांच्याच चुलत्याचे वडील करून टाकले होते, आणि आज्जाने हरकत घेतल्यावर तो शांतपणे म्हणाला होता, "नावं तर सगळी आलीत ना?"

नावांच्या या गोंधळात काही महिने गेल्यावर मी पोथीतील अव्वाचा प्रश्न हाती घेतला आणि लाल पेन्सिलीने केवळ स्त्रियांची माहेरे लिहू लागलो. त्यानंतर वहीला खरी गती आली.

आदिपर्वात पांडव लाक्षागृहातून वाचून पांचालांकडे निघालेले असताना गंगाकाठी रात्री त्यांना अंगारपर्ण गंधर्व अडवतो. अर्जुन त्याला हरवतो, मैत्री होते, आणि बोलता बोलता गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' अशी हाक मारतो. अर्जुन बुचकळ्यात पडतो: आम्ही कौंतेय, आम्ही तापत्य कसे? तेव्हा गंधर्व सांगतो की, तुमचा पूर्वज संवरण राजा तपतीवर अनुरक्त झाला, ती सूर्याची मुलगी. आणि ज्याच्या नावाने तुम्ही स्वतःला कौरव म्हणवता तो कुरू हा तिचा मुलगा. स्वतःच्या पणजी-खापरपणजीचे नाव अर्जुनाला एका परक्याकडून, रस्त्यात, मारामारी झाल्यावर कळते! सोमवंशातील सर्वांत मोठे नाव कुरूचे, आणि त्याचा आजोबा सूर्य. या हिशेबाने कर्ण हा परका सूर्यपुत्र नव्हे. ज्या घरात त्याला जागा मिळाली नाही, त्या घराच्या आजीचा तो भाऊ लागतो. अव्वाला हे नाते सांगायला मिळाले असते, तर तिने पावटे सोलायचे सूप बाजूला ठेवले असते.

तपतीचे लग्न जुळवायला सूर्याकडे कोण गेले? वसिष्ठ. पेन्सिलीची दुसरी खूण.

अंगारपर्ण तेथेच थांबत नाही. तो अर्जुनाला वसिष्ठांचीच कथा सांगू लागतो, आणि मला वाटते दोन्ही महाकाव्यांना बांधणारी खरी गाठ या कथेत आहे. इक्ष्वाकू घराण्यातील राजा कल्माषपाद अरुंद वाटेवर वसिष्ठपुत्र शक्तीला सामोरा आला. बाजूला कोणी व्हायचे यावरून वाद झाला. राजाने ऋषीला चाबूक मारला, ऋषीने राजाला नरभक्षक होण्याचा शाप दिला, आणि शापित राजाने पहिला घास शक्तीचाच घेतला. नंतर वसिष्ठांची बाकीची मुलेही खाल्ली. वसिष्ठांनी मेरूवरून उडी घेतली, आगीत प्रवेश केला, हातपाय बांधून नदीत उडी मारली. नदीने पाश सोडवून त्यांना काठावर ठेवले, म्हणून ती विपाशा. अखेर त्यांना आपल्या मागून वेदांचे पठण ऐकू आले. मागे सून अदृश्यंती चालत होती आणि आवाज तिच्या पोटातील बाळाचा होता. तो पराशर.

यापुढचा भाग मी लहानपणी कधी ऐकला नव्हता. आज्जाने तो वाचला असला तरी भरभर वाचला असावा. वसिष्ठांनी त्याच राजाला, आपल्या मुलांना खाणाऱ्या राजाला, शापातून मोकळे केले. राजाला मूल नव्हते आणि दुसऱ्या एका शापामुळे होणारही नव्हते. त्याने वसिष्ठांकडे पुत्र मागितला. राणी मदयंती बारा वर्षे गरोदर राहिली, शेवटी तिने दगडाने आपले उदर विदारले आणि मूल जन्माला आले. अश्मा म्हणजे दगड, म्हणून तो अश्मक. गोदावरीकाठचा अश्मक देश याच नावाचा. पंडूने कुंतीला नियोगासाठी, म्हणजे दुसऱ्या पुरुषाकडून मूल होऊ देण्यासाठी वळवताना जी उदाहरणे दिली, त्यांत हे मदयंतीचेही आहे.

आता लाल रेघा जोडून पाहा. पुराणांच्या यादीत राम हा अश्मकाच्या वंशातला. म्हणजे अयोध्येची गादी कागदावर इक्ष्वाकूची, पण अश्मकापासून खाली बीज वसिष्ठांचे. तिकडे शक्तीचा मुलगा पराशर, पराशराला यमुनेच्या बेटावर सत्यवतीपासून झालेला मुलगा व्यास, आणि विचित्रवीर्य निपुत्रिक गेल्यावर अंबिका आणि अंबालिका यांच्या ठायी धृतराष्ट्र व पंडू यांचा जन्मदाता तोच. म्हणजे हस्तिनापूरची गादी कागदावर कुरूची, पण बीज पुन्हा वसिष्ठांच्याच घरातले. आणि हे पुराणकारांनी लपवलेले नाही. मूल ज्या क्षेत्रात जन्माला आले त्या क्षेत्राच्या धन्याचे, हा नियम त्यांनी उघड सांगितला आणि त्याप्रमाणे यादी लिहिली. वंशावळ रक्ताची नोंद आहे असे आपण धरून चालतो. ती खरे तर मूल कोणाच्या नावावर चढवले याची नोंद आहे, आणि निदान या दोन ग्रंथांना त्याची लाज वाटत नाही. पांडवांच्या बाबतीत तर पंडूचेही बीज नाही. सगळे भारतीय युद्ध कुरूंच्या ज्या वारशासाठी झाले, तो वारसा सिद्ध करायला त्यांच्याकडे आजीच्या आणि आईच्या शब्दाखेरीज काय होते?

वसिष्ठ एक की अनेक, हा प्रश्न येथे कोणीतरी विचारेलच. वसिष्ठ हे घराण्याचे नाव असावे आणि पिढ्यापिढ्यांचे वसिष्ठ कथेत एक झाले असावेत, हे मलाही पटते. मग रक्त एका माणसाचे नसून एका घराचे, एवढाच फरक पडतो.

गंगेविषयी थोडक्यात. भगीरथाने तिला आणली, म्हणून ती भागीरथी, इक्ष्वाकूंच्या मुलीसारखी. पुढे ती शंतनूची बायको झाली. शंतनू पूर्वजन्मी महाभिष नावाचा राजा होता, ब्रह्मसभेत गंगेचा पदर उडाला असता तो तिच्याकडे पाहत राहिला आणि त्यासाठी मर्त्यलोकात जन्मला, अशी कथा आहे. आणि आदिपर्व स्पष्ट सांगते की, हा महाभिष इक्ष्वाकू कुळातला. म्हणजे भीष्माचे आई-वडील दोघेही मूळचे डाव्या पानावरचे.

सौंदत्तीचा डोंगर मी अव्वाच्या बोटाला धरून पहिल्यांदा चढलो. मार्गशीर्षातील पौर्णिमेला, जिला आमच्याकडे रांडाव पुनव म्हणतात, जमदग्नी मारला जातो, यल्लम्मा म्हणजे रेणुका विधवा होते आणि बांगड्या फोडल्या जातात. माघातील पौर्णिमेला तिला पुन्हा अहेवपण येते. कोल्हापूरकडच्या बैलगाड्या आणि नंतर एसटीच्या गाड्या, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती असलेली परडी घेतलेल्या जोगतिणी, चौंडक्याचा तो पोटात घुमणारा आवाज आणि 'उदो'चा गजर. तेथे मराठी कोण आणि कानडी कोण हे ओरडण्याच्या सुरावरूनही कळत नाही. अव्वा मला मलप्रभेकडे बोट दाखवून सांगे की, येथेच रेणुका वाळूचा घडा करी आणि सापाची चुंबळ करून तो डोक्यावर नेई. मन विचलित झाले त्या दिवशी घडा विरघळला. वनपर्वात घडा नाही आणि सापही नाही. तेथे एवढेच आहे की, आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करणारा चित्ररथ राजा तिच्या दृष्टीस पडला, जमदग्नीने ते ओळखले, चार मुलांनी आईला मारायला नकार दिला आणि पाचव्याने परशू उचलला. (अंगारपर्ण गंधर्वाचेही दुसरे नाव चित्ररथच, पण हा मार्तिकावताचा राजा वेगळा.)

आमच्या भागात कोणालाही विचारा, यल्लम्मा परशुरामाची आई आणि जमदग्नीची बायको. ती कुणाची लेक? महाभारत तिच्या वडिलांचे नाव प्रसेनजित सांगते. विष्णुपुराण म्हणते की, ती इक्ष्वाकू वंशातील रेणू राजाची मुलगी. म्हणजे परशुरामाचे आजोळ रामाच्या कुळात. त्याची आजी सत्यवती (ही मत्स्यगंधा नव्हे) गाधी राजाची मुलगी, विश्वामित्राची बहीण. पुराणे गाधीला पुरूरव्याच्या वंशात बसवतात. म्हणून परशुराम वडिलांकडून भृगुकुळातला, आजीकडून सोमवंशी आणि आईकडून सूर्यवंशी. क्षत्रियांचा एकवीस वेळा संहार करणाऱ्याच्या अंगात दोन्ही क्षत्रिय वंशांचे रक्त होते. ज्या कार्तवीर्य अर्जुनाने त्याच्या बापाच्या आश्रमातील होमधेनूचे वासरू नेले, तो हैहय, यदूच्या वंशातला. म्हणजे आजीच्या बाजूने लांबचा भाऊबंद आणि श्रीकृष्णाच्याही मोठ्या घरातला. याच कार्तवीर्याने नर्मदेकाठी रावणाला पकडून बांधले होते आणि पुलस्त्याने येऊन सोडवले, असे उत्तरकांड सांगते.

त्या संहारात अश्मकाचा मुलगा मूलक सापडायचा होता. राजवाड्यातील स्त्रियांनी त्याच्याभोवती कडे केले आणि त्याला लपवले. म्हणून त्याचे नाव नारीकवच. विष्णुपुराण हे एका ओळीत सांगून पुढे जाते. मला त्या ओळीवरून पुढे जाता येईना. मूलकाच्या वंशात पुढे दिलीप, रघू, अज, दशरथ आणि राम. मिथिलेहून परतणाऱ्या वऱ्हाडाच्या वाटेत वैष्णव धनुष्य घेऊन परशुराम आडवा येतो, तेव्हा त्याच्यासमोर उभा असलेला नवरदेव हा त्याच्या हातून निसटलेल्या एका पोराचा वंशज असतो, आणि त्याला निसटू देणाऱ्या बायकांची नावे कोणत्याच यादीत नाहीत. दशरथ त्या वेळी हात जोडून गयावया करतो. त्या घराण्याला परशूची आठवण असणारच.

सौंदत्तीवर पुढे रट्ट घराण्याचे राज्य होते. नंतर त्यांनी राजधानी वेणुग्रामाला, म्हणजे बेळगावला आणली. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, १२०४ साली बांधली गेली, ती चौथ्या कार्तवीर्याच्या काळात, त्याच्या बिचिराज या मंत्र्याकडून. यल्लम्माच्या डोंगराखाली राज्य करणाऱ्या घराण्याने आपल्या मुलांना, एकाला नव्हे तर चौघांना, यल्लम्माच्या नवऱ्याशी वैर धरणाऱ्याचे नाव द्यावे, याचे कोडे मला लहानपणी नव्हते, आता आहे. एक दुवा दिसतो तो असा: रट्ट स्वतःला राष्ट्रकूटांचे वंशज म्हणवत, राष्ट्रकूट स्वतःला यदुवंशी म्हणवत, आणि सहस्रबाहू कार्तवीर्य हा त्या वंशातील पहिला दिग्विजयी. राजांनाही हेळवी लागतच. अकराव्या शतकातील काही चालुक्य ताम्रपटांत तर असे आहे की, आमच्या सोमवंशी पूर्वजांपैकी ५९ राजांनी अयोध्येत राज्य केले. अयोध्येत, सोमवंशीयांनी! ताम्रपट लिहिणाऱ्याने माझ्या वहीची शिवणच उसवून टाकली आहे.

रामायणातील माणसे महाभारतात भेटतात ती बहुतेकांना ठाऊक असतात. गंधमादनावर वाटेत शेपूट पसरून बसलेला हनुमान आणि ती उचलता न आलेला भीम, दोघेही वायूचे मुलगे. सहदेवाला दक्षिणेच्या स्वारीत किष्किंधेच्या गुहेत सात दिवस झुंजवणारे मैंद आणि द्विविद. त्याच सहदेवाला करभार पाठवणारा बिभीषण. पण हे दीर्घायुषी लोकांचे योगायोग झाले. नाती जुळतात ती श्रीकृष्णाच्या अंतःपुरात. जांबवती ही जांबवानाची मुलगी, हे स्यमंतक मण्यामुळे सर्वांना आठवते. गोकाक भागात रात्र रात्र चालणाऱ्या 'श्रीकृष्ण पारिजात' खेळात मात्र भांडण रुक्मिणी आणि सत्यभामेचेच, आणि अस्वलांच्या राजाची ही लेक आत कोठेतरी गप्प. सत्या नाग्नजिती ही कोसलच्या नग्नजित राजाची मुलगी. सात मस्तवाल बैल वेसण घालून बांधणाऱ्याला ती द्यायची होती. म्हणजे श्रीकृष्ण अयोध्येकडचा जावई. भद्रा केकयांची, कैकेयीच्या माहेरची, आणि शिवाय श्रीकृष्णाच्या श्रुतकीर्ती आत्याची मुलगी.

आत्याची मुलगी, मामाची मुलगी, हे शब्द आमच्याकडे नुसत्या नात्याचे नाहीत, हक्काचे आहेत. अव्वाच्या माहेरी तर मामाने भाचीशी लग्न करण्यातही कोणाला काही वाटत नसे. त्यामुळे अर्जुनाने सुभद्रेला पळवले यात तिला फक्त पळवण्याचा राग होता. "मामाची लेक, मागून घ्यायची," ती म्हणे. कुंती वसुदेवाची सख्खी बहीण, मागायला कोण नाही म्हणाले असते? बलराम म्हणाला असता, हे आज्जाचे उत्तर. प्रद्युम्नाने आपल्या मामाची, रुक्मीची मुलगी केली आणि त्याच्या मुलाने, अनिरुद्धाने, त्याच रुक्मीची नात. ज्या भावाने बहिणीच्या लग्नात तलवार उपसली, त्याच्याच घरात दोन पिढ्या सोयरीक चालली. उत्तरेकडच्या वाचकांना हे विचित्र वाटते असे मी ऐकले आहे. आमच्या सोप्यात कोणीही भुवई उचलली नव्हती.

अव्वाचा प्रश्न एकदाच निरुत्तर राहिला. रामदुर्ग तालुक्यात सुरेबानजवळ शबरीचे स्थान आहे. तेथे जाऊन आल्यावर तिने आज्जाला विचारले, आणि आज्जाने 'रामविजय' उलटसुलट करून पाहिला. मतंगांची शिष्या, एवढेच सापडले. अव्वा थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणून बोरं खायला घालाय तीच मोकळी होती."

वहीचे शेवटचे पान बृहद्बलाचे आहे. कोसलचा हा राजा रामाच्या वंशातला. भारतीय युद्धात तो कौरवांच्या बाजूने उभा राहिला आणि चक्रव्यूहात अभिमन्यूच्या बाणाने पडला. भागवतात शुक परीक्षिताला इक्ष्वाकूंची नावे सांगत सांगत येतात आणि या नावापाशी म्हणतात, याला तुझ्या पित्याने युद्धात मारले. सांगणारा शुक व्यासांचा मुलगा, म्हणजे पंडूचा भाऊ. सोळा वर्षांचा दिसतो, पण परीक्षिताचा चुलत पणजोबा लागतो. ऐकणाऱ्याने वडिलांना पाहिलेलेच नाही. मारणारा निदान कागदावर व्यासांच्या घरचा, मरणारा अश्मकाच्या पोटचा. लाल रेघा मागे नेल्या तर दोघे एकाच आश्रमाच्या अंगणात पोहोचतात. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, भाऊबंदकी, आणि आमच्या तालुक्याच्या कोर्टात त्याची शेकड्यांनी दप्तरे पडलेली आहेत.

गेल्या दिवाळीनंतर त्या जुन्या हेळव्याचा नातू आला. मोटारसायकलवरून, पाठीला सॅक. चोपडी मात्र तीच, नव्या पुठ्ठ्यात बांधलेली. त्याने अकराच्या तेरा झालेल्या पिढ्या आजोबांच्याच चालीवर म्हटल्या. मी त्याला म्हटले की, माझ्या आजीचे नाव घाल. तो म्हणाला, "काका, रकाना नाही तसा." मग त्याने माझ्याकडे पाहिले, पेन उघडले आणि आज्जाच्या नावाशेजारी समासात कानडी अक्षरांत अव्वाचे नाव लिहिले. माहेरचे गाव विचारले, ते लिहिले. वडिलांचे नाव विचारले, ते मला आठवत होते. "आणि आईचं?" तो म्हणाला. मी आत जाऊन बायकोला विचारले, बहिणीला फोन केला, थोरल्या चुलतभावाला केला. कोणालाच माहीत नव्हते. त्याने तेवढी जागा मोकळी सोडली आणि पान वाळायला उघडे ठेवले.